नाणेसंग्रह : छंद आणि श्रावकाचे व्रत



जैन घरात नाणेसंग्रहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न अपरिग्रहाचा येतो. जमविणे हाच ज्या छंदाचा प्राण, तो श्रावकाला कसा शोभावा? याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वी एका श्रावकानेच देऊन ठेवले आहे. दिल्लीच्या टांकसाळीत सेवेत असलेल्या ठक्कुर फेरू यांनी इ. स. १३१८ मध्ये आपल्या भावासाठी व मुलासाठी ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. सुमारे २६० प्रकारच्या नाण्यांची नावे, वजने, धातूची शुद्धता व विनिमयाचे भाव त्यात दिले आहेत. अगरचंद व भंवरलाल नाहटा यांच्या शोधाने हा ग्रंथ उजेडात आला आणि १९६१ मध्ये जोधपूरहून प्रसिद्ध झाला. फेरूंच्या हाताखालून गेलेली नाणी कोठे गेली कोण जाणे. नोंद मात्र उरली. द्रव्य साठविणे वेगळे आणि द्रव्याची परीक्षा करणे वेगळे, हा भेद येथे स्पष्ट होतो.

मैंदर्गीसारख्या सीमेवरील गावात अशा परीक्षेला वाव मोठा आहे. एका बाजूस विजापूर, दुसऱ्या बाजूस गुलबर्गा. बहमनी, आदिलशाही, मराठे, निजाम अशा अनेक सत्तांचा वावर या परिसरात झाला. जुन्या डब्यात शिवराईशेजारी चारमिनारचा हाली सिक्का आणि १९४३ नंतरचा भोकाचा पैसा सापडला तर नवल नाही. मात्र सर्वच जमविण्याचा हव्यास नको. एक राजवट किंवा एक धातू ठरवून तेथेच थांबणे हेही परिग्रहपरिमाणच होय.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तर जणू नाणेसंग्राहकासाठीच सांगितले असावेत. चोराने आणलेला माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध वागणे, वजनमापात कमीअधिक करणे, खऱ्याच्या जागी नकली देणे. बाजारात हे सर्व घडते. शेतात नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. वाटून घेतलेला हंडा इतिहासाला मुकतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांत क्षहरात नहपानाच्या मुखवट्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला दिसला. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला, याचा तो धातूवरचा पुरावा. संचय एकत्र अभ्यासता आला म्हणून हे प्रमाण कळले. आणि ती नाणी कोणी घासून लखलखीत केली असती, तर खालचा मुखवटा पुसट होऊन गेला असता.

घासण्याची ही सवय घराघरांत आहे. दिवाळीला वहीपूजनात ठेवायचा चांदीचा रुपया उजळणे ही पूजेची रीत. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. संग्रहातील नाण्यास मात्र चिंच, लिंबू, राख वा पितळ घासण्याची पूड लावू नये. आम्लाने हिरवा थर जातो, त्याबरोबर अक्षरांची धारही जाते. शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे मुळातच उथळ. दोनदा घासल्यावर तो नुसता तांब्याचा तुकडा उरतो. राणीछाप रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम. उजळलेला रुपया वजनातही घटतो. तो कोरा म्हणून विकणे हा तर सरळ अतिचार.

माती असेल तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात नाणे भिजवावे, पाणी बदलत राहावे, आणि सुती कापडाने न चोळता टिपावे. तांब्यावरील कठीण, गुळगुळीत हिरवा थर नाण्याचे रक्षण करतो; फिकट, भुकटीसारखी हिरवट पूड सुटू लागली तर धातू आतून खात जातो. असे नाणे बाकीच्यांपासून दूर ठेवून संग्रहालयातील जाणकारास दाखवावे. चांदीवरचा काळसरपणा तसाच राहू द्यावा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या काही वर्षांनी चिकट होऊन नाण्याला डाग पाडतात. त्यापेक्षा कागदी पाकीट बरे. नाणे नेहमी कडेने धरावे.

नव्याने आरंभ करणाऱ्या मुलांना महाग नाण्यांची गरज नाही. भगवान महावीरांच्या २६००व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये निघालेले पाच रुपयांचे नाणे आजही काही घरांत असेल. ते कोणाकडून, कोठे व केव्हा मिळाले हे पाकिटावर पेन्सिलीने लिहावे, वजन वहीत टिपावे, आणि मगच नाणे पाकिटात घालावे.