‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा ओलावा टक्क्यांत मोजतात हे आपल्याला कळेपर्यंत व्यापारी मुठीत कापूस दाबून सांगेल तो ओलावा खरा होता. शब्द कळला, आपण यंत्र मागितले, मग भावावर बोलता आले. आज तीच गत ‘नेट नाही’ या दोन शब्दांची आहे. पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागली. नेट नाही म्हणजे नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे भाव नाही.

एका केंद्रावर आम्ही तीन तास बसलो होतो. खिडकीतून एकच उत्तर, ‘नेट नाही.’ आमच्यासोबतच्या पोराच्या मोबाईलवर मात्र त्याच कचेरीच्या वाय-फायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या. शेजारचे आजोबा म्हणाले, ‘खोटं बोलतो लेकाचा.’ तो खोटे बोलत नव्हता. पण पुरते खरेही सांगत नव्हता.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. भिंतीवर जो डबा असतो त्याला राउटर म्हणतात. त्या राउटरपासून तुमच्या मोबाईलपर्यंतचा शेवटचा बिनतारी तुकडा, तेवढेच वाय-फाय. विहीर कोरडी असली तरी पाइप जोडलेला असू शकतो ना? पट्ट्या फक्त पाइप जोडल्याचे सांगतात. पाणी राउटरच्या मागच्या केबलमधून येते. आणि केबलच्याही पलीकडे, दूर कुठेतरी, ज्या संगणकावर आपली नोंद व्हायची तो असतो. त्याला सर्व्हर म्हणतात.

म्हणून खिडकीवर भांडण्याआधी विचारा, दुसरी एखादी साईट उघडते का? कोणतीच उघडत नसेल तर केबलचा किंवा राउटरचा दोष, तो त्या कचेरीने दुरुस्त करून घ्यावा. बाकी सगळे उघडते आणि नोंदणीचेच पान उघडत नाही, तर बहुतेक वेळा दोष सर्व्हरचा. मग खिडकीतल्या पोराला शिव्या देऊन काय होणार? तारीख आणि वेळ घालून कागदावर लिहून घ्या. मुदतवाढ मागायला तो कागद लागतो.

आता बिनतारी म्हणजे काय? रेडिओच. आमच्या वडिलांच्या पिढीत घरात रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मोबाईल कंपन्या आजही लिलावात बोली लावून आपापले लहरींचे पट्टे घेतात. तो त्यांचा सातबारा. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने, हे गायरान आहे. ताकदीची मर्यादा पाळून तो कोणीही परवान्याशिवाय वापरावा, अशी मोकळीक जानेवारी २००५ मध्ये मिळाली. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. परवाना उठला तिथे यंत्र घरोघर गेले, एवढे नोंदवून पुढे जातो.

२.४ ची लहर लांब जाते, भिंतीतूनही बरी पार होते. ५ ची वेगवान, पण भिंतीपाशी दमते. पत्रा दोघींनाही अडवतो. ओली भिंत आणि दाट ओला पाला लहर पिऊन टाकतात. म्हणून राउटर पत्र्याच्या कपाटात ठेवू नका.

गायरानाचा तोटाही गायरानाचाच, सगळ्यांची जनावरे तिथेच. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. लहर एक आणि बोलणारे अनेक. दोघे एकदम बोलले तर दोघांचाही निरोप वाया जाई. तोड अशी काढली की, प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलायचे. वाय-फाय त्याच वंशातले. फरक इतकाच की ते बोलण्याआधी कानोसा घेते. साध्या राउटरवर एका वेळी एकच बोलतो. चाळीस मोबाईल जोडले की पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि काम रांगेत अडकते. अशा वेळी दहा जणांनी वाय-फाय बंद केले तरी रांग हलते.

वेगाच्या मापातही एक गोम आहे. कंपनी वेग बिटमध्ये विकते, आपला फोटो बाइटमध्ये मोजतात. आठ बिटचा एक बाइट. पाच मेगाबाइटचा फोटो म्हणजे चाळीस मेगाबिट. सेकंदाला दोन मेगाबिटचा वेग असेल तर वीस सेकंद लागणारच. तेवढ्यात तीनदा बटण दाबू नका.

आणि नावाला भुलू नका. वाय-फायला कोणीही कोणतेही नाव देऊ शकतो. ‘खरेदी केंद्र’ असे नाव दिसले म्हणून ते केंद्राचेच असेल असे नाही. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर बँकेचे काम करू नका, ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

मंडपामागे दोन मोबाईल आणि एक राउटर मांडला आहे. राउटरची मागची केबल आम्ही मुद्दाम काढून ठेवली आहे. जेवणाआधी तिथे जा आणि पट्ट्या किती दिसतात ते मोजा.