चार चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे थट्टेने म्हटले जाते. ज्याला घर ना दार, आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा माणसासाठी ही म्हण राखून ठेवलेली. परंतु ज्याला घर होते, मानाची नोकरी होती, पदरी चार पैसे होते, अशा एका जर्मन गृहस्थाने वयाच्या पन्नाशीत आपले बिऱ्हाड आपण होऊन मोटारीत चढविले आणि सव्वीस वर्षे त्याचा नाद सोडला नाही. या गृहस्थाचे नाव गुंटर होल्टॉर्फ. या सव्वीसांपैकी वीस वर्षांच्या प्रवासात त्यांच्यासोबत होत्या क्रिस्टीनबाई. श्रोतेहो, आजची कथा या दोघांची आहे. आणि मोटारीचीही, कारण त्यांच्या संसारात ती तिसरी होती.

होल्टॉर्फ यांचा जन्म १९३७ सालचा. लुफ्टहान्सा या जर्मन विमान कंपनीत त्यांची बरीच वर्षे गेली. नोकरीने त्यांना इंडोनेशियात, जाकार्ता शहरी नेले. त्या अफाट पसरलेल्या शहराचा गल्लीबोळांसह भरवशाचा नकाशा त्या काळी मिळत नसे. दुसरा एखादा साहेब ड्रायव्हरवर भिस्त ठेवून स्वस्थ बसला असता. यांनी स्वतः रस्ते पालथे घातले, मोजमाप केले आणि शहराचा तपशीलवार नकाशा तयार करून १९७० नंतरच्या दशकात छापून काढला. पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या. अनोळखी मुलूख दिसला की तो कागदावर उतरवून घेतल्याशिवाय चैन न पडणारा हा स्वभाव. असा मनुष्य विमानाच्या खिडकीतून जग पाहण्यात किती दिवस समाधान मानणार?

१९८८ साली त्यांनी मर्सिडीझ कंपनीची ३०० जीडी ही गाडी घेतली. पाच नळकांड्यांचे डिझेल इंजिन, शक्ती अवघी ८८ अश्वांची. गाडीचे नाव ठेवले ऑटो. आरंभी बेत होता तो फक्त आफ्रिकेचा, आणि सोबत होती त्यांची त्या वेळची पत्नी. तो विवाह मात्र त्या प्रवासात टिकला नाही. दोष कोणाचा हे विचारण्याचे कारण नाही. घरात नवराबायकोचे बिनसले तर एक जण ओसरीवर जाऊन बसतो, दुसरी माजघरात भांडी वाजविते. तासाभराने राग आपोआप उतरतो. मोटारीला ना ओसरी ना माजघर. बाहेर वाळवंट, आत दोन माणसे, मध्ये हातभर अंतर.

पुढे होल्टॉर्फ यांनी एका जर्मन साप्ताहिकात जाहिरात दिली आणि तीतून क्रिस्टीनबाईंची ओळख झाली. त्या ड्रेस्डेनच्या, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या. बर्लिनची भिंत १९८९ च्या नोव्हेंबरात उघडेपर्यंत तेथील सामान्य नागरिकाला पश्चिमेकडचा शेजारही मनास येईल तेव्हा पाहता येत नसे. त्या मुलखातल्या स्त्रीच्या वाट्याला १९९० पासून निम्म्याहून अधिक पृथ्वी यावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

पर्यटनासाठी बांधलेल्या आजच्या गाड्यांत पाण्याचे नळ, शीतकपाट, स्नानगृह असा सगळा थाट असतो. ऑटोमध्ये त्यातले काही नव्हते. मागच्या बैठका काढून तेथे गाद्या घातलेल्या. त्यांच्याखाली पेट्यांतून कपडे, भांडी, औषधे, हत्यारे. सुटे भाग गाडीतच साठविलेले, कारण रानात कोणते दुकान उघडे असणार? उकाडा असह्य झाला तर बाहेर झोळ्या टांगायच्या. खाणावळी आणि हॉटेले शक्यतो टाळायची. जेथे मुक्काम तेथे चूल. कोणाचा आश्रय नाही, कोणाची जाहिरात अंगावर नाही, खर्च स्वतःचा. काटकसर हा यातला एक भाग झाला. दुसरा असा की हॉटेलात उतरणाऱ्याला गावाचा दर्शनी दरवाजा तेवढा दिसतो. रस्त्याकडेला भात शिजविणाऱ्याजवळ मुले गोळा होतात, म्हातारी माणसे चौकशी करतात, कोणी पाण्याची घागर आणून ठेवतो.

गाडीही या राहणीला साजेशी होती. तिच्या इंजिनात विजेची नाजूक करामत नव्हती. इंधनाचा पंप, झडपा, नळ्या, सारे साधे यांत्रिक. ज्याला ट्रॅक्टर उघडता येतो अशा कोणत्याही गावच्या मिस्त्रीला तिचे दुखणे कळावे. अलीकडच्या मोटारींत बिघाड शोधायलाच संगणक लागतो. त्या घेऊन अशा वाटांना लागणे धाडसाचे नव्हे, अविचाराचे ठरेल.

परंतु खडकाळ वाटेपेक्षा अवघड असते ती सरहद्द. जकात नाक्यावर ज्याने कधी आपली ट्रंक उघडून दाखविली असेल त्याला याची थोडी कल्पना येईल. परकी मोटार देशात शिरली की तेथील सरकारला शंका येते, हा मनुष्य जकात चुकवून ती येथेच विकणार तर नाही? म्हणून बऱ्याच देशांत ‘कार्ने’ नावाचे एक पुस्तक लागते. ते प्रवाशाच्या स्वदेशातील मोटार संघ अनामत ठेवून घेऊन देतो. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. गाडी आत येताना एक भाग फाडून घेतात, बाहेर जाताना दुसरा. तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटतात आणि तो पुस्तकात राहतो. बाहेर पडण्याचा शिक्का घ्यायचा राहिला, तर गाडी त्या देशात विकली असे धरून जकातीची मागणी येऊ शकते आणि अनामत धोक्यात येते. एका रबरी शिक्क्यासाठी उन्हात दिवसभर ताटकळणे म्हणजे काय, हे अशा प्रवाशालाच ठाऊक. तेथे आवाज चढविणाऱ्याचे काम मागे पडते, आणि हसतमुखाने बसून राहणाऱ्याचे पुढे सरकते.

आफ्रिकेनंतर अमेरिका खंड झाले, आशिया झाला, ऑस्ट्रेलिया झाला. समुद्र आडवा आला की गाडी पोलादी पेटीत घालून जहाजाने पुढे पाठवायची. तिबेटच्या बाजूने ऑटो एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत जाऊन आली. पुढे उत्तर कोरियाची दारेही तिला उघडली. जितके पाहावे तितके न पाहिलेलेच अधिक दिसू लागते, अशा आशयाचे होल्टॉर्फ बोलत असत.

२००३ साली क्रिस्टीनबाईंना कर्करोग झाल्याचे निदान झाले. येथे गाडी कायमची घरासमोर उभी राहती तर कोणी आश्चर्य केले नसते. तसे झाले नाही. उपचार आणि प्रवास यांची सांगड घालीत दोघे पुन्हा वाटेला लागत राहिली. अखेर २०१० साली बाईंनी देह ठेवला. इतकी वर्षे एकत्र काढूनही दोघांनी विवाह केलेला नव्हता. तो झाला मृत्यूपूर्वी अवघे काही दिवस आधी. लग्नानंतर प्रवासाला निघण्याची रीत आहे. येथे क्रम उलटा झाला. आपल्यामागे हा प्रवास थांबवू नये, उरलेले देश पाहावेत, एवढे त्यांनी पतीकडे मागितले.

होल्टॉर्फ तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. तरी ते निघाले. पुढच्या आरशाला क्रिस्टीनबाईंचे छायाचित्र टांगलेले असे. वाटेत कधी दुसऱ्या कोणाची सोबत मिळाली. ते छायाचित्र मात्र हलले नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात ऑटो बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी येऊन थांबली. तोवर पावणेदोनशेहून अधिक देश-प्रदेश झाले होते आणि चाकांखालून सुमारे ९ लाख किलोमीटर वाट गेली होती. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. तेथवर जाऊन परत येण्याला जेवढे अंतर लागेल त्याहून हे अधिक.

होल्टॉर्फ २०२१ साली वारले. गाडी त्याआधीच श्टुटगार्ट येथील मर्सिडीझच्या संग्रहालयात पोहोचली होती. एरवी अशा ठिकाणी लखलखीत, न वापरलेल्यासारख्या मोटारी मांडतात. ही त्यांच्या पंगतीत आली ती दोघांचा संसार वाहून, आणि शेवटची चार वर्षे एकाचे वचन वाहून.