मेहेराबादची आवडती गाणी, लंडनच्या टेपवर

नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तिथल्या टेकडीवर आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी. बाबांनी 10 जुलै 1925 पासून अखेरपर्यंत मौन पाळलं. गाणी मात्र त्यांना मनापासून आवडत. त्यांच्या आवडत्या गाण्यांपैकी दोन पाश्चात्त्य होती: कोल पोर्टरचं 1935 मधलं 'बिगिन द बिगीन' आणि जिम रीव्हजचं 'देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी'.

ही दोन्ही गाणी पुन्हा गायली ती 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडनं. हा बँड 1964 मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये 'मॅक्सिमम आर अँड बी', म्हणजे पुरेपूर ऱ्हिदम अँड ब्लूज, अशी स्वतःची जाहिरात करत असे. मंचावर गिटार फोडणारा हाच टाउनशेंड बाबांचा भक्त झाला.

घरच्या स्टुडिओत तो आधी एक वाद्य टेपवर घ्यायचा, ते ऐकत त्यावर दुसरं वाजवायचा, मग गायचा. एकट्याच्या हातून जणू अख्खा वाद्यवृंद उभा राही! 1972 च्या त्याच्या 'हू केम फर्स्ट' या अल्बममध्ये जिम रीव्हजचं ते गाणं आहे, आणि बाबांच्या प्रार्थनेवर बांधलेलं 'परवरदिगार'सुद्धा.

हे सगळं चुंबकीय फितीवरचं काम. ध्वनी आकड्यांत साठवून, म्हणजे डिजिटल पद्धतीनं, केलेला अमेरिकी गिटारवादक राय कूडरचा 'बॉप टिल यू ड्रॉप' हा अल्बम त्यानंतर आला, 1979 मध्ये. त्यातही बहुतेक जुनी ऱ्हिदम अँड ब्लूज गाणीच नव्यानं गायली होती. टाउनशेंडची मूळ ध्वनिमुद्रणं पुढे सीडीवरही आली. 'परवरदिगार' अवश्य ऐका. नगरकरांना त्यातला भाव लगेच ओळखीचा वाटेल.