अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकरी आणि महामारीतील सरकारी मदत



आजचा विषय आम्ही कळविला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, इतक्या दूरचे दुखणे आपल्याला कशाला?" विषय दूरचा आहे खरा, पण अगदीच परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामीच्या उच्छेदासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. आणि वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे अलाबामातील टस्कीगीचे नाव कितीतरी मराठी घरांत पोचले आहे. कार्व्हर १८९६ साली तेथे गेले, आणि १९०६ साली त्यांनी गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत जाणारी, घोडागाडीवरची फिरती शेतीशाळा सुरू करविली. तशा शेतकऱ्यांच्या नातवा-पणतवांचे २०२० सालच्या करोनाच्या साथीत काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

त्या वसंतऋतूत खानावळी, शाळा आणि आठवड्याचे बाजार एकदम बंद पडले. मोठे कत्तलखाने कामगार आजारी पडल्याने थांबले. लहान शेतकऱ्याची भाजी शेतात राहिली आणि गुरे गोठ्यात. अमेरिकन सरकारने मदतीचा हात मोकळा सोडला. दोन हप्त्यांत मिळून सुमारे २६०० कोटी डॉलर शेतकऱ्यांना वाटले गेले. त्यांतले कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या पदरात किती पडले? कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनीच मार्च २०२१ मध्ये आकडा सांगितला: २ कोटी ८ लाख डॉलर. म्हणजे दर हजार डॉलरमागे ऐंशी सेंट. २०१७ च्या कृषिगणनेप्रमाणे त्या देशातील दर हजार शेतकऱ्यांत सुमारे चौदा कृष्णवर्णीय होते. हजारांत चौदा माणसे, आणि हजारांत एक डॉलरही नाही!

ही उघड पक्षपाताची गोष्ट असावी, असे आपणांस वाटेल. पण मदतीच्या नियमांत रंगाचा एक शब्दही नव्हता. माप सर्वांना एकच होते, आणि आमच्या मते गोम तेथेच आहे.

मदत ठरली ती विकलेल्या वा पडून राहिलेल्या मालाच्या प्रमाणात. ज्याचे हजारो एकर, त्याला मोठी रक्कम. २०१७ साली कृष्णवर्णीयांच्या शेताची सरासरी होती १३२ एकर. (आपल्याकडे ही जहागीरच झाली, पण तेथील एकूण सरासरी ४४१ एकर होती.) त्यातही जो लहान शेतकरी आपली भाजी थेट गिऱ्हाइकाला चांगल्या भावाने विकत होता, त्याला भरपाई मिळे ती घाऊक मालाच्या दराने. अर्ज करायचा तर कृषिखात्याच्या कचेऱ्यांची दारे साथीमुळे बंद होती. काम चाले टेलिफोनवर, टपालाने, नाही तर इंटरनेटवर. ज्याचे त्या कचेरीत आधीपासून खाते होते आणि ज्याचा आवाज कारकून ओळखत होता, त्याचे काम सोपे झाले. बाकीच्यांचे?

आता कोणी म्हणेल, लहान शेतकरी तर गोराही असतो. बरोबर आहे. त्याचेही हाल झालेच. पण कृष्णवर्णीय शेतकरीच एवढा लहान का राहिला, आणि कचेरीला अनोळखी का राहिला, हे विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

१८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने हुकूम काढून मुक्त गुलामांसाठी दक्षिण किनाऱ्यावरील जमीन राखली, कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत दिली. तरीही या लोकांनी पैपैसा साठवून जमिनी घेतल्या. १९२० साली कृष्णवर्णीय शेतकरी ९ लाख २५ हजारांवर होते. बहुतेक कुळे वा वाटेकरी, पण सुमारे चौथाई जमिनीचे धनी. २०१७ साली ही संख्या ४९ हजारांच्याही आत आली होती. यंत्रे आली, कापसाला कीड लागली, माणसे उत्तरेच्या शहरांत गेली, ही कारणे आहेतच. पण सरकारी कर्ज देण्याघेण्यात वजन होते स्थानिक शेतकऱ्यांच्या निवडलेल्या जिल्हासमित्यांचे, आणि दक्षिणेत त्या समित्यांवर दीर्घकाळ कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ नव्हताच. अर्ज नाकारला जाई, किंवा मंजूर होऊन पैसा पेरणी उलटल्यावर हाती येई. तगाईची वाट पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. १९८३ साली तर अशा तक्रारींची चौकशी करणारा कृषिखात्यातील विभागच मोडीत निघाला. पुढे 'पिगफर्ड' खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि सुमारे शंभर कोटी डॉलर दिले गेले. पण लिलावात गेलेली जमीन त्याने परत आली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींना चटकन समजेल. दक्षिणेतील कित्येक कुटुंबांत आजोबा मृत्युपत्र न करताच वारले. वकिलाचा आणि न्यायालयाचा भरवसा नव्हता, म्हणूनही. जमीन साऱ्या वारसांची सामाईक राहिली. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत आणि त्यांतले तिघे हयात नाहीत. तेव्हा हा घोळ काय असतो ते आम्ही जाणतो. तेथे अशा जमिनीवर कर्ज मिळणे कठीण, सरकारदरबारी शेताची नोंदही कठीण. नोंद नाही म्हणजे मदत नाही. एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा व्यापाऱ्याने घेतला आणि वाटणीचा दावा लावला, तर सगळी जमीन विक्रीस निघे. २०१० नंतर अनेक राज्यांनी याला आळा घालणारा कायदा केला, पण तोवर पुष्कळ जमीन गेली होती.

मार्च २०२१ मध्ये नव्या सरकारने जुनी बाकी फेडण्याचा घाट घातला. कृष्णवर्णीय, मूळ रहिवासी, हिस्पॅनिक, आशियाई इत्यादी शेतकऱ्यांची सरकारी कर्जे फेडण्यासाठी सुमारे चारशे कोटी डॉलरांची तरतूद झाली. मे अखेर कर्जदारांना पत्रे जाऊ लागली. काहींनी सह्या करून परतही पाठविली. इतक्यात गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले. वंशावरून भेद करणे राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, हा त्यांचा मुद्दा. जूनमध्ये न्यायालयांनी वाटप थांबविले. त्यांचे म्हणणे पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. संकटात गोऱ्या कर्जदाराचे घरही गहाणच होते. परंतु रंगाचे नाव न घेता केलेले २६०० कोटींचे वाटप कायद्याला खुपले नाही, आणि रंगाचे नाव घेऊन केलेले चारशे कोटींचे मात्र खुपले, हेही नजरेआड करता येत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती तरतूद रद्द झाली. तिच्या जागी दोन नव्या आल्या: एक अडचणीतील कोणत्याही कर्जदारासाठी, दुसरी सरकारी कर्जव्यवहारात ज्याला भेदभाव सोसावा लागला अशा कोणासाठीही. दुसरीतून जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे दोनशे कोटी डॉलर मिळाले. कार्व्हरांचे अलाबामा आणि शेजारचे मिसिसिपी येथील लोक त्यांत सर्वांत जास्त होते. ज्यांची शेती होती वा आहे, त्यांना दहा हजारांपासून पाच लाख डॉलरांपर्यंत. पण यादीत वीस हजारांवर माणसे अशी होती की ज्यांना शेती करावयाची होती आणि कर्जाअभावी ती सुरूच झाली नाही. त्यांना प्रत्येकी साडेतीन ते सहा हजार डॉलर देण्यात आले.