चाळीस आणि पन्नास
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. जमाखर्चाचे शास्त्र आमचे नव्हे. परंतु उभा जन्म पेपर तपासण्यात गेल्यामुळे गुणांची भाषा आम्हांस कळते. अलीकडे अकोला-अमरावतीकडील आपल्या घराघरांतून मुलेमुली सी. ए. होण्याची उमेद धरतात, आणि निकालाच्या दिवशी कित्येक घरी सुतक आल्यासारखे वाटते. ‘अमक्याचा मुलगा चारदा बसला’ अशी कुजबूज लग्नकार्यांत ऐकू येते. म्हणून त्या परीक्षेत पास-नापास कसे ठरते, एवढेच आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईस १९१८ साली जी. डी. ए. ही हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्यान्वये १ जुलै रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि परीक्षांची सर्व सूत्रे तिच्या हाती आली. अकोला व अमरावती या दोन्ही शहरी तिच्या शाखा आहेत.

आता मूळ नियम पाहू. २०२४ पासून नव्या अभ्यासक्रमात इंटरमीजिएट व फायनल या परीक्षांचे प्रत्येकी दोन गट असून, प्रत्येक गटात शंभर गुणांचे तीन पेपर असतात. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक पेपरात किमान ४० आणि गटाच्या बेरजेत ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात. हे दोन उंबरठे आहेत. एक ओलांडून भागत नाही. तिन्ही पेपरांत चाळीस-चाळीस मिळविणारा १२० वर अडतो. ७८, ७६ व ३८ मिळविणाऱ्याची बेरीज १९२ होते. तथापि तोही नापास! उलट ५२, ४९, ४९ मिळविणारा बरोबर १५० वर पास होतो. मग १९२ वाल्यास मठ्ठ म्हणणे कितपत न्यायाचे, हे आपणच सांगावे.

याच नियमांत दोन आधारही आहेत, पण ते पालकांस क्वचितच ठाऊक असतात. पहिला असा की, दोन्ही गट एकदम दिले आणि सर्व पेपरांत चाळिशी गाठली, तर एका गटाची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भरून निघते. पहिल्यात १४० व दुसऱ्यात १६५ असले, तरी ६०० पैकी ३०५ होऊन विद्यार्थी दोन्ही गटांत पास होतो. तोच पहिला गट एकटा दिला असता १४० वर नापास झाला असता. दुसरा असा की, गटाचे सर्व पेपर देऊन नापास झालेल्यास ज्या पेपरात साठ वा अधिक गुण असतील, तो पेपर पुढील तीन परीक्षांत पुन्हा द्यावा लागत नाही, आणि त्याचे गुण बेरजेत धरले जातात. वरच्या उदाहरणातील मुलाचे ७८ व ७६ असे वाया जात नाहीत. त्यास एकच पेपर जिंकावयाचा असतो.

‘ते ठराविक मुलेच पास करतात’ असा समज आपल्याकडे रूढ आहे. नियमांत जागांची अशी संख्या कोठेही नाही. शेजाऱ्याचा मुलगा पास झाल्याने आपल्या मुलाची जागा जात नाही. मात्र निकाल वरखाली होतो, हे खरे. फायनलचे दोन्ही गट एकदम दिलेल्यांपैकी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ९.४ टक्के, तर मे २०२४ मध्ये सुमारे १९.९ टक्के उत्तीर्ण झाले. मध्यंतरी अभ्यासक्रम बदलला. चाळीस-पन्नासाची कसोटी तीच राहिली.

परंतु चाळीस हा आकडा अचल असला, तरी चाळीस गुण देणारा हात माणसाचा असतो. एक परीक्षक सढळ, दुसरा कडक. शाळेतही आम्ही हेच पाहिले. ही तफावत काढण्यासाठी १९८८ च्या विनियमांतील ३९ व्या कलमाने संस्थेच्या कौन्सिलला परीक्षार्थींचे गुण सुधारण्याचा अधिकार दिला आहे. तो कसा वापरला जातो, असा प्रश्न एका परीक्षार्थीने माहितीच्या अधिकारात विचारला, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. परीक्षकांस दिलेल्या सूचना गोपनीय राहू शकतात, असे तेथे सप्टेंबर २०११ मध्ये ठरले. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दुसऱ्या एका खटल्यात, आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला. तो हक्क आपल्या मुलांनी जरूर बजावावा. ३८ चे ३८ का झाले, हे कळले तरच पुढे ४० होतात.

ज्ञातिबांधवहो, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ज्याच्या सहीवर विसंबतो, त्याची कसोटी कठीण असावी हे योग्यच. परंतु कठीण कसोटीत पहिल्या खेपेस अडणे हा कुळाला बट्टा नव्हे. ३८ गुणांवरून मुलास दुकानात बसविणे, किंवा ‘आता पुरे’ म्हणून मुलीचे लग्न उरकणे, हा मात्र खचित तोट्याचा व्यवहार होय. आपले मंडळ दरवर्षी उत्तीर्णांचा गुणगौरव करते, ते उचितच आहे. आमची एवढीच सूचना की, त्याच निधीतून दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस बसणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची व पुस्तकांची तरतूद व्हावी. पास झालेल्यास हार मिळतोच. अडलेल्यास हात हवा असतो.