डिलीट केलेली मेल जाते कुठे?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



२६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरणार नाहीत. उल्हास नदीचं पाणी आपल्या तळमजल्यावरच्या ऑफिसात शिरलं, कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. त्या धास्तीनं पुढे आपण सगळं स्कॅन करून सोसायटीच्या जीमेलवर ठेवू लागलो. आधार, पॅन, भाडेकरूंचे करार, सगळं. तेव्हा भीती कागद जाण्याची होती. आता उलटंच, कागद जातच नाही!

गेल्या वर्षी एक भाडेकरू ताई जागा सोडताना म्हणाल्या, "काका, माझं आधार तेवढं काढून टाका हं." मी डिलीट दाबलं आणि "झालं" म्हणालो. झालं नव्हतं. मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. सर्व्हरवरून पूर्ण पुसायला डिलीट केल्यापासून साधारण २ महिने लागतात, बॅकअपमध्ये ती ६ महिन्यांपर्यंत राहू शकते, असं गूगलच सांगतं. जिन्यातल्या बोर्डावरून नाव पुसलं म्हणून फ्लॅट रिकामा होतो का? तसंच.

तेवढी वाट बघता येते हो. खरी पंचाईत आपल्याकडेच. तीच फाईल कमिटीच्या व्हॉट्सॲपवर आणि ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर निघाली. तो तर भंगारात चालला होता! डिलीट केलेली फाईल हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत काढता येते. म्हणून डिस्क काढून तिला ड्रिलनं भोकं पाडली, मगच डबा भंगारवाल्याला दिला.

यापुढे आधार शक्यतो मास्क केलेलंच घेऊ, शेवटचे ४ आकडे दिसणारं.

सहा महिने झाल्यावर मी ताईंना फोन केला. म्हणाल्या, "काका, तुमच्या अजून लक्षात होतं?"