शस्त्रक्रियेनंतरचा श्वास

(चाळीसगांव येथें धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं देवाच्या उपकारांचें स्मरण करणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय. त्या उपकारांपैकीं ज्याची आठवण आपणांस सर्वांत कमी होते, असा एक म्हणजे श्वास. मातीच्या पुतळ्यांत परमेश्वरानें प्राण फुंकला तेव्हां मनुष्य सजीव झाला, अशी उत्पत्तीच्या पुस्तकाची शिकवण आहे. ही देणगी आपण दिवसांतून हजारों वेळां वापरतों; परंतु ती जपावी कशी, हा विचार दुखणें आल्यावांचून सुचत नाहीं. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यानें आपलीं फुप्फुसें कशीं राखावीं, या एकाच विषयावर चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपलें चाळीसगांव हें रेल्वेचें जंक्शन. येथील रोगी शस्त्रक्रियेसाठीं जळगांवास, धुळ्यास, नाशिकास किंवा मुंबईस जातो व थोड्याच दिवसांत घरीं परततो. घरचीं माणसें मायाळू. "पडून राहा, हलूं नका, खोकूं नका, टांके तुटतील," असें आई, सासू, शेजारीण सारींच बजावतात. रोगीही वेदनेच्या भयानें उथळ श्वास घेत उताणा पडून राहतो. मग कधीं कधीं असें होतें, कीं जखम भरत असतां ताप चढतो, छातींत कफ घरघरूं लागतो, आणि शस्त्रक्रियेंतून वांचलेला माणूस फुप्फुसाच्या विकारानें खंगतो. या मायेंत दोष नाहीं. उणीव आहे ती ज्ञानाची.

असें कां व्हावें? फुप्फुसांत वायूच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांची संख्या सुमारें ३० ते ५० कोटी. निरोगी मनुष्य नकळत ताशीं दहाबारा दीर्घ उसासे घेतो, आणि त्यायोगें मिटूं पाहणाऱ्या पिशव्या पुनः उघडतात. भुलीच्या औषधानें, उताणें निजल्यानें व पोटाच्या किंवा छातीच्या जखमेच्या वेदनेनें हे दीर्घ श्वास थांबतात. मग तळाकडील पिशव्या मिटतात, कफ सांचतो, व त्यांत जंतु वाढून न्युमोनिया होतो. लंडनचे डॉ. विल्यम पाश्चर यांनीं १९१० च्या सुमारासच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा भाग कसा मिटतो, याकडे वैद्यांचें लक्ष वेधलें होतें.

उपाय साधा आहे. रोग्यास उशांच्या आधारानें उठवून बसवावें. त्यानें एक हात पोटावर ठेवून नाकानें सावकाश, पोट व खालच्या फासळ्या फुगतील असा श्वास घ्यावा. दोनतीन सेकंद धरावा. आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडावा. जागेपणीं दर तासास असे दहा श्वास पुरेत. घेरी वाटल्यास मध्यें थांबावें. नंतर जखमेवर उशी किंवा घडी केलेला टॉवेल घट्ट दाबून धरावा व दोनतीन वेळां खोकून कफ काढावा. अशा आधारानें वेदना कमी होते व जखमेवरील ताणही कमी पडतो. डॉक्टरांची अनुज्ञा मिळतांच उठून चालावें. वेदना फार असल्यास ती मुकाट्यानें न सोसतां डॉक्टरांस सांगावी, कारण वेदना असतां दीर्घ श्वास घेववत नाहीं. डोळ्याची, मेंदूची किंवा अन्य नाजूक शस्त्रक्रिया झाली असल्यास जोरानें खोकण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारणें अवश्य आहे. आणि धाप, ताप, छातींत कळ, कफांतून रक्त किंवा पोटरीला सूज दिसल्यास व्यायामावर विसंबून न राहतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

कित्येकांस रुग्णालयांतून तीन गोळ्यांचें प्लॅस्टिकचें यंत्र मिळतें. त्याची नळी तोंडांत धरून हवा आंत ओढावयाची असते. पुष्कळ जण ती फुंकतात, आणि मग श्रम व्यर्थ जातात. ज्यांस हें यंत्र मिळालें नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. कॉक्रेन संस्थेनें २०१४ सालीं अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हां पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर या यंत्राचा निश्चित लाभ सिद्ध झाला नाहीं. उलट, शस्त्रक्रियेपूर्वीं दिलेली शिकवण फार मोलाची ठरली आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें ४४१ रोग्यांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कांहीं रोग्यांस केवळ पुस्तिका दिली, तर कांहींस अर्धा तास श्वासाचा व्यायामही शिकविला. पहिल्यांपैकीं शेंकडा २७ जणांस फुप्फुसाचा विकार जडला, दुसऱ्यांपैकीं शेंकडा १२ जणांस. तेव्हां अभ्यास आधींच करावा, आणि विडी-सिगारेट तर शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे अगोदर सोडावी.

श्वासाचा शास्त्रीय विचार आपल्या खानदेशास परका नाहीं. अमळनेरास शिक्षक असलेले स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व योगक्रियांची यंत्रांच्या साहाय्यानें परीक्षा आरंभिली. आम्हीं सांगितलेला व्यायाम मात्र निव्वळ शरीराचा आहे. कोणाच्याही श्रद्धेस त्यानें बाध येत नाहीं.

आपणां कॅथलिकांस तर अगदीं जवळचें उदाहरण आहे. पोप फ्रान्सिस यांच्या उजव्या फुप्फुसाचा कांहीं भाग १९५७ सालीं, ऐन तारुण्यांत, शस्त्रक्रियेनें काढावा लागला. तरीही ते ८८ वर्षें जगले व बारा वर्षें त्यांनीं ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. २०२५ च्या फेब्रुवारींत दोन्ही फुप्फुसांस न्युमोनिया होऊन ते रोमच्या जेमेल्ली रुग्णालयांत होते, तेव्हां औषधांबरोबर श्वसनाची फिजिओथेरपीही चालू होती. ईस्टरच्या रविवारीं लोकांस आशीर्वाद देऊन दुसऱ्याच दिवशीं, २१ एप्रिल रोजीं, ते देवाघरीं गेले. श्वासाचे श्रम करण्यांत कमीपणा नाहीं, हें त्यांच्या दुखण्यानें आपणांस शिकविलें.

शेवटीं एक विनंति. आपण रोग्याच्या समाचारास जातों तेव्हां फळें नेतों, प्रार्थना करतों; तें करावेंच. पण त्याबरोबर त्यास उठवून बसवावें, जखमेवर उशी धरून द्यावी, आणि जपमाळेच्या दहा मण्यांवर त्याचे दहा श्वास मोजावेत. आजाऱ्याची सेवा ही प्रभूचीच सेवा होय. ती सेवा या धर्मग्रामांत घरोघरीं घडो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.